दोन पिशव्या माती

आमच्या मामंजींनी एकदा बारामतीच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत काय धमाल उडवून दिली, ते ऐकाच!

नव्वदनंतरची गोष्ट. सणसरच्या रानाची वाटणी व्हायची होती. दोन्ही वावरांची माती सारखी निघाली तरच वाटणीच्या कागदावर सही, असं ठरलं. मामंजींनी दोन पिशव्या भरल्या, एक आमच्या ह्यांची, एक धाकट्या दिरांची. ह्यांची सकाळी तपासली, दिरांची जेवणानंतर. दिरांच्या मातीत स्फुरद, म्हणजे पिकाला लागणारं फॉस्फरस, जास्त निघालं!

"चांगलं वावर बरं तुलाच आलं!" हे तिथंच ओरडले.

"मग मी काय खिशातनं टाकलं व्हय?" दीरही उठले.

तेवढ्यात मामंजी म्हणाले, "अरं, दोन्ही पिशव्या एकाच घमेल्यातनं भरल्यात. गुडघं दुखत हुतं, दुसऱ्या वावरात गेलोच न्हाय."

तपासणारे साहेब ताडकन उभे राहिले. "एकच माती? मग आकडे दोन कसे?"

स्फुरद मोजायचं यंत्र मातीच्या पाण्यात औषध घातल्यावर येणाऱ्या निळ्या रंगातून उजेड किती पार जातो, ते मोजायचं. सकाळच्या गारव्यात जुळवलेलं, आणि दुपारी पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली. उष्णतेनं रंगच गडद झाला होता, म्हणून स्फुरद जास्त दिसलं! खोली गार झाल्यावर साहेबांनी यंत्र पुन्हा जुळवलं आणि दोन्ही नमुने नव्यानं, एकदमच मोजले. अगदी सारखे!

मामंजी म्हणाले, "सायेब, आता ही दोन पोरंबी जरा गार करून मोजा."

दोघं भाऊ खो-खो हसले आणि घरी येताच सह्या केल्या. दुसऱ्या वावराची माती आजवर कुणी तपासलेली नाही!