पंचाक्षरीची पिशवी

"…अन् म्हणं रोज संध्याकाळी कारखान्यातलं कायतरी पिशवीत घालून—"

एवढंच! बास! एवढं बोलून ती गजराबाई जी गप झाली ती झालीच, कारण काय, तर टँकर आला! आता तुम्हाला सांगते, पाण्याला का कुणी नगं म्हणतंय व्हय? आड आटलेत, हापसा हापसून खांदं निखळायला आलेत, टँकर म्हंजे देवच. पण देवानं तरी जरा दमानं यावं का न्हाय? बोलणारीचं वाक्य तरी पुरं होऊ द्यावं! सगळ्या बाया घागरी घेऊन पळाल्या अन् मी आपली तिथंच उभी, अर्धं वाक्य कानात घेऊन. कुणाबद्दल चाललं होतं ते तेवढं कळलं होतं, म्हणून तर पाय उचलंना! पंचाक्षरी! आमच्या भिंतीला भिंत! शांताक्काचा थोरला! अन् ह्याच पंचाक्षरीला माझ्या बहिणीची महानंदा म्या स्वतः जमवून दिलेली, दसरा झाला की अणदूरला कुंकू लावायचं ठरलेलं, अन् ह्या बया म्हणत्यात पिशवीत घालून…! काय घालून? साखर? लोखंड? गोणपाट? बोला की!

पोरगं चोर निघालं तर महानंदाचं काय, अन् माझं काय? सोयरीक जमवणारीला कोण सोडतंय?

तर हा पंचाक्षरी करतो काय, ते आधी ऐका. आपल्या साखर कारखान्यात कंप्यूटर आलंय. शांताक्का तर हापशावर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायची, "माझं पोरगं मशीनला शिकवतंय." मशीनला! माणसं शिकंनात अन् मशीनला शिकवतोय! काय शिकवतोय, तर कुणी ऊस कवा लावला ते त्याला सांगायचं, मग ते सांगणार, तोडणीची टोळी आधी कुणाच्या फडात अन् मागून कुणाच्या. आधी हे कोण ठरवायचं, ठाऊक हाय? चेअरमन नानासाहेबांचा मेव्हणा. चहाच्या टपरीवर. कान खाजवत. अन् त्याला कुणी पंचाक्षरीगत पुण्याला शिकायला धाडलं नव्हतं हो!

मी त्याच दिवशी विरजण मागायला शांताक्काकडं गेले. घरात विरजण होतं, पण ते जाऊ द्या. बसले. सायकल आली. पंचाक्षरीनं पिशवी खुंटीला अडकवली न्हाय, डायरेक कोनाड्याकडं गेला अन् पिशवीतून काढलं काय… काळा चौकोन! पातळ! हातात धरला की पापडागत लवतोय, मधी भोक! त्याला पाकिटात घालून, फडक्यात गुंडाळून, असा ठिवला, असा ठिवला, की बाळंतिणीनं लेकरू ठिवावं!

म्या म्हटलं, "पंचाक्षरी, हे काय रं बाबा?"

"फ्लॉपी, मावशी. प्रत हाय."

"कसली प्रत?"

"सगळ्या गावांच्या ऊसलागणीच्या नोंदी, अन् मी लिहिलेले प्रोग्राम. एक प्रत तिथं, एक इथं. उद्या तिथं आग लागली, पाणी शिरलं, तर सगळं जाईल ना?"

पाणी शिरलं! ऐकलं का? आमच्या तामलवाडीत चिमण्यांना प्यायला पाणी न्हाय अन् ह्याच्या कंप्यूटरात पाणी शिरणार! एवढ्यासाठी रोज सायकलवरनं प्रत घेऊन यायची, सकाळी ताजी करायला परत न्यायची! आता ह्याला काम म्हणायचं का, तुम्हीच सांगा!

चोरी न्हाय, म्हणून जीव भांड्यात पडला म्हणा. पण पुरता कुठं पडतोय? दुसऱ्या दिवशी शांताक्काचं गुडघं धरलं होतं, तर म्या म्हटलं, द्या तो पंचाक्षरीचा जेवणाचा डबा, मी देते नेऊन कारखान्यावर. मला काय बघायचं नव्हतं हो! डबा द्यायचा होता.

त्या खोलीत शिरायचं तर आधी चपला बाहेर. आत गार, अगदी हिवाळा! शेतकरी उन्हात करपतोय अन् मशीनला गारवा. आत पंचाक्षरी अन् त्याचा जोडीदार ज्ञानोबा. म्या म्हटलं चालू द्या तुमचं, अन् बसले स्टुलावर. तर पंचाक्षरी काय करत होता? खोटा शेतकरी! देवाशप्पथ! ज्याला रान न्हाय, ज्यानं ऊस लावला कवा, तर एकतीस फेब्रुवारीला, असला माणूस मनानं तयार करून मशीनमधी घालत होता!

"अरं, असला शेतकरी हाय तरी कुठं?"

"न्हाय मावशी. पण नोंद लिहिणाऱ्याचा हात चुकला तर येतोच कवातरी. तवा मशीन ह्याला तोडणीची पाळी देतंय का धुडकावतंय, ते आधीच बघायचं."

अन् तुम्हाला सांगते, त्या एवढ्या किमती मशीननं त्या जन्माला न आलेल्या माणसाला पयली पाळी दिली! पयली! नानासाहेबांच्या मेव्हण्याला तरी एवढं जमलं असतं का! अन् ह्या पोरानं काय करावं? कपाळावर हात मारावा का न्हाय? टाळी वाजवली! "सापडली, ज्ञानोबा, चूक सापडली!" स्वतःची चूक! आमच्या घरात चूक सापडली तर माणसं त्यावर पोतं टाकत्यात, अन् हा नाचतोय!

मग तो ज्ञानोबा उठला. त्याचं काम काय, तर पंचाक्षरीनं लिहिलेली ओळ न् ओळ वाचायची अन् तोंडावर नावं ठिवायची. "हे असं कशाला केलंस? हितं घोळ होईल." अन् हा म्हणतो, "बरं झालं बघितलंस." बरं झालं?! मी आमच्या मालकांना नुसतं म्हटलं की धोतराचा सोगा सुटलाय, तर माणूस दुपारचं जेवत न्हाय! मग पाळी फिरली, आता ज्ञानोबाचं ह्यानं वाचायचं. दोघं एकमेकाचं उष्टं निवडत बसलेले, अन् पगार दोघांना! शिवाय हरेक ओळीच्या कडंला हे असं का केलं तेबी लिहून ठिवायचं. कुणासाठी रं? तर म्हणतो, "माझ्यासाठीच. सहा महिन्यानं माझं मलाच कळत न्हाय." स्वतःचं लिहिलेलं स्वतःला कळत न्हाय हे वर तोंड करून सांगतोय! आता ह्याला काम म्हणायचं का, तुम्हीच सांगा!

बरं, मी गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, बायांनो, चोरी न्हाय, पापडासारखं कायतरी हाय. पण लोकांना पापड कशाला पाहिजे? लोकांना चोरी पाहिजे. हापशावर ते साखर होतं, पिठाच्या गिरणीत जाईपर्यंत पोतं झालं, अन् एष्टीत बसून अणदूरला पोचलं तवर बॉयलरचा कसला तर पितळी भाग झाला! पिशवीत! सायकलला!

अन् खंडेनवमीच्या सकाळी माझे दाजी दारात. शरणबसप्पा. महानंदाचा बाप. कपाळावर इबुतीचे तीन पट्टे, पण त्याच्या वरच्या आठ्या ठळक. पाणी दिलं तर घेतलं न्हाय.

"शरणम्मा, मी सोयरीक मोडायला आलोय."

"दाजी, बसा तरी."

"बसायला न्हाय आलो. पोरगा कारखान्यातला माल आणतो का न्हाय, एवढं सांग."

"आणतो, पण माल न्हवं…"

"आणतो ना? झालं!"

आता ह्या माणसाला प्रत कशी समजवावी? मलाच कुठं समजली होती! म्या म्हटलं चला, तुमच्या डोळ्यानं बघा, अन् हाताला धरून शांताक्काच्या ओसरीवर नेलं. तिनं खंडेनवमीची पूजा मांडलेली. तेवढ्यात बाहेर धुरळा. जीप! अन् जीपमधनं नानासाहेब अन् पंचाक्षरी! म्हटलं धरून आणलं पोराला!

झालं होतं निराळंच. कारखान्यात खंडेनवमी, सगळ्या मशीनी पुजायच्या, रीतच हाय, बॉयलरला हार, ऊस टाकायच्या गव्हाणीला नारळ. शिपाई श्रीपती भक्तिभावानं पूजत पूजत कंप्यूटरच्या खोलीपर्यंत आला. म्हटला ह्यांचं हत्यार कुठलं? तर तो काळा चौकोन. पाकिटातून काढला, पाटावर ठिवला, अन् ओली हळद, कुंकू, अक्षता, वरनं नारळाचं पाणी! मशीन वाचंना. नुसतं खरखर करतंय! मशीनच्या पोटातलं पुसून तीच चकती वरनं घालायची असं त्याच दिवशी ठरलेलं, अन् पुसून तर झालं होतं, म्हंजे आत न्हाय अन् भाईरबी न्हाय. उद्या दसरा, बॉयलर पेटणार, टोळ्या गाड्या जुंपून बसलेल्या, अन् जायचं कुणाच्या फडात ते कुणालाच ठाऊक न्हाय! नोंदीचे कागद होते, पण ते सगळं परत भरायचं म्हंजे दिवाळी उलटणार, तवर ऊस वाळून चुलीत घालायच्या लायकीचा.

पंचाक्षरी म्हणाला, "घाबरू नका, घरी प्रत हाय, आज पूजा म्हणून आणली न्हाय," अन् आत शिरला. कोनाड्यात हात घातला. फडकं रिकामं.

"अव्वा! इथली फ्लॉपी कुठाय?"

शांताक्का हसत म्हणते कशी, "अरं, विळा पुजला, खुरपं पुजलं, पाटा-वरवंटा पुजला, अन् माझ्या लेकाचं हत्यार तेवढं उपाशी ठिवू व्हय?" अन् पाटाकडं बोट! विळ्याच्या अन् खुरप्याच्या मधोमध तो काळा चौकोन, हळदीनं पिवळा, वर इबूत, वर झेंडू, भोकात उदबत्ती!

भोकात उदबत्ती खोचलेली! पेटलेली!

नानासाहेब खाली बसले. एवढा चेअरमन माणूस, उकिडवा! म्हणाले, "संपला हंगाम. नोकरीबी संपली म्हण, पंचाक्षरी." दाजी माझ्याकडं बघून, "चल, मलाबी तेच सांगायचंय." अन् पंचाक्षरी… त्याचं तोंड बघवंना हो. पांढरंफटक. एकदा नानासाहेबांकडं बघतोय, एकदा दाजींकडं.

मग खाली मान घालून म्हणाला, "तिसरी हाय."

नानासाहेब टुणकन् उठले. "कुठं?"

"अणदूरला."

"अणदूरला? देवळात?"

शांताक्का मधीच, "व्हय व्हय, माझं पोरगं दर रविवारी खंडोबाला जातंय अणदूरला, लई देवभोळं!"

"देवळात न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. "ह्यांच्या घरी. महानंदाच्या ट्रंकंत."

अय्यो शिवा! दाजींचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता! सोयरीक मोडायला आलेला माणूस, अन् चोरीचा माल त्याच्याच घरात! "माझ्या… दर रविवारी… मी घरात असताना?"

"तुम्ही दुपारी झोपता तवा," पंचाक्षरी म्हणाला. खरं बोलायचं म्हंजे किती बोलावं माणसानं! "एक प्रत लांब, दुसऱ्या गावात ठिवायची असती. नियमच हाय तो."

नियम! मी इथं भिंतीवरनं माना वाकड्या करून बघणारी, सोयरीक म्या जमवली म्हणून सगळ्यांना सांगणारी, अन् ही दोघं माझ्या नाकाखालून दर रविवारी नियम पाळत होती! मला अजून नवराबायकोचं एकमेकाशी बोलणं पुरतं जमलं न्हाय अन् ह्यांचं लग्नाआधी फ्लॉपीवर सुरू!

जीपमधी मी बसलेच. बसायला कुणी सांगितलं न्हाय, उतरायलाबी न्हाय. अणदूरला महानंदा रांगोळी टाकत होती. बापाला बघून उभी राहिली, जीपमधल्या चेअरमनला बघून पदर घेतला, अन् पंचाक्षरीला बघून… समजली. आत गेली, ट्रंक उघडली, कपड्यांच्या घड्यांखालून फडकं काढलं. नानासाहेबांनी हात पुढं केला तर पोरीनं हात मागं घेतला!

"आधी हळदीचे हात धुवा," म्हणाली. चेअरमनला! "अन् ही तशीच चालवू नका. आधी हिची दुसरी प्रत काढा, मग त्या प्रतीवर काम करा. हीबी खराब झाली तर मग काय करणार?"

नानासाहेबांनी हात धुतले हो! आमच्या दाजींनी पाणी ओतलं!

मशीन चाललं. रविवारनंतरच्या थोड्याफार नोंदी पोरांनी हातानं भरल्या. बॉयलर पेटला. नानासाहेबांनी पंचाक्षरीला विचारलंच म्हणा, "कारखान्याची वस्तू परगावी न्यायला परवानगी कुणाची घेतलीस?" तर म्हणतो, "कुणाचीच न्हाय. विचारलं असतं तर तुम्ही न्हाय म्हणाला असता." म्हंजे बघा, गजराबाई काय अगदीच खोटं बोलत नव्हती! आणत होता पिशवीतनं, विचारल्याबिगर आणत होता, अन् पुढं पोचवतबी होता! फक्त ती बया म्हणत होती ते न्हवं, अन् मी म्हणत होते तेबी न्हवं.

कुंकू लागलं. लग्नाची तिथी निघाली. मला वाटलं, सुटले एकदाची! तर परवा पंचाक्षरी भिंतीवरनं म्हणतोय, "मावशी, महानंदा आता इथंच येणार. मग लांबची प्रत ठिवायला दुसरं गाव पाहिजे. तुमचं माहेर भूम ना?"

आता न्हाय म्हणायचं तर जावई. व्हय म्हणायचं तर… जाऊ द्या. काल जाऊन आले. दोन गाड्या बदलून, मांडीवर फडकं, कुणाला शेजारी टेकू दिलं न्हाय. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढं काय जपताय त्यात?"

म्या म्हटलं, "अख्ख्या कारखान्याचा ऊस हाय बाबा. खड्ड्यातनं जरा हळू घ्यायला सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं, अन् न सांगता म्हाताऱ्या माणसांच्या जागेवर बसवलं.