वरून बघणारी बाई

…आन मला म्हणतो, पप्पा, तुम्ही मागं बसा, तुमच्या डोक्यानं सिग्नल अडून राह्यलाय. माझ्या डोक्यानं! आवो, अठ्ठावीस वर्षं याच डोक्यानं एसटी चालवली. जालना डेपोचा डायवर धर्मराज म्हणून भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कुणालाबी विचारा, कुठल्या वळणावर कुणाचं कुत्रं आडवं येतं तेबी मला पाठ. आन मला मागच्या सीटवर टाकलं, बायकोच्या शेजारी, पाण्याच्या कॅनसोबत. पण करता काय? जावई हाय, बोलता येत न्हाई.

तुम्हाला सांगतो, एरवीचं बी न्हाई, धोंड्याचा महिना. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हंजी साक्षात नारायण. आदल्याच दिवशी पाटावर बसवून पाय धुतले त्याचे, तेहतीस अनारसे वाढले, चांदीचा दिवा दिला. आता काल ज्याचे पाय धुतले त्याला आज म्हणता येतं का, की बाबा, तू चुकून राह्यला? मच्छिंद्रराव नाव त्याचं. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत हाय, तिथं त्याला मॅक म्हणतेत. आन त्या मॅकनं नव्या पांढऱ्या गाडीच्या काचेला एक डब्बा चिटकवला होता. पापडाएवढा. त्याच्यात एक बाई. बाई दिसत न्हाई, निस्ती बोलती, तेबी हिंदीतून. "दो सौ मीटर पर बाएँ मुड़िए." जावई म्हणे, पप्पा, ही उपग्रहावरून बघते, हिला सगळं वरून दिसतं. मी म्हणलं, वा. दुसरं काय म्हणू?

जायचं कुठं होतं ते ऐका, म्हंजी माझी आग तुम्हाला कळंल. पिंपरथडी. घनसावंगीच्या बी पल्याड, गोदावरीच्या अंगाला. एकोणीस वर्षं मी त्या गावची मुक्कामी गाडी केली. गावाला घड्याळ नव्हतं, माझा हारन होता. हारन वाजला का बाया दूध चुलीवरून उतरवायच्या. एकोणीस वर्षांत पाच मिनिटं लेट न्हाई, पावसात न्हाई, चिखलात न्हाई, टायर फुटलं तरी न्हाई. मी रिटायर झालो, आन गावानं काय केलं? फाट्यावर एसटीचा नवा निवारा बांधला, सिमेंटचा, बसायला कट्टा. आन सरपंच बद्रीनाथ स्वतः घरी आल्ता. म्हणला, मामा, नारळ तुमच्याच हातानं फुटंल. अधिक महिना हाय, लग्नं न्हाईत, मांडव रिकामाच पडलाय. बराबर दहाला या. मी म्हणलं, बद्रीनाथ, मला बराबर म्हणून नको सांगू.

आता सांगा, रिटायर माणसाजवळ दुसरं असतं काय? पेन्शन म्हणावी तर तसलीच, गुडघे गेलेले, घरात कुणी इच्चारत न्हाई. एक नाव होतं, का धर्मराज डायवर टायमाला येतो आन रस्ता चुकत न्हाई. तेवढंच घेऊन निघालो होतो मी, धुतलेलं धोतर आन इस्त्रीचा सदरा घालून, सकाळी साडेसातला.

अंबडपर्यंत ठीक. अंबडच्या पुढं आलो आन बाई म्हणली, बाएँ मुड़िए. मी दचकलो. डाव्या अंगाला रस्ताच न्हाई, खडीच्या खाणीची वाट हाय. मी खाकरलो. आमच्या मंडळीनं, गोजरबाईनं, दंडाला असा चिमटा काढला का डोळ्यात पाणी आलं. कानाला लागून म्हणती, गप बसा, पोरीचा संसार हाय. मी म्हणलं, आगं पण खाण… परत चिमटा. तिकडं पुढं बसलेली माझी लेक प्रभा काचेतून बाहीर बघती. तिला का रस्ता माहीत न्हाई? माझ्याच गाडीतून शाळंत गेली ती. गाडीत चार माणसं, त्यातल्या तिघांना रस्ता ठावूक, आन चौथा चालवून राह्यला. जावई म्हणतो, शॉर्टेस्ट लावलंय, अकरा किलोमीटर वाचतील. मी म्हणलं, चांगलंय.

अकरा किलोमीटर वाचवायला आम्ही खाणीत गेलो. खाणीतून पांदीत. पांद म्हंजी बैलगाडीची वाट, दोन्हीकडनं बाभळी. नव्या गाडीच्या अंगावर काट्याचा कर्र… कर्र… आवाज. जावयाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, मला बरं बी वाटून राह्यल्तं, खोटं काऊन बोलू. आन बाई काय म्हणती? "सीधे चलते रहिए." चला म्हणलं. सीधं गेलो आन गाडी करकचून थांबली. समोर हीर. कठडा नसलेली, चाळीस हात खोल. आन बाई म्हणूनच राह्यली, सीधे चलिए, सीधे चलिए.

हिरीवर झुंबरबाई कपडे धुत होती. वळखीची, माझ्या गाडीतून बाजारला यायची. मला बघून उभीच राह्यली. "आगं माय, डायवरमामा! तुमी आन इकडं? रस्ता चुकले का काय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जावई खाली उतरला, डब्ब्याकडं बोट करून म्हणतो, आजी, नकाशात इथून सरळ रस्ता आहे. झुंबरबाईनं कपडा पिळला. म्हणती, "नकाशात आसंल बाबा. इथं हीर हाय. पडायचं आसंल तं कपडे बाजूला घेती." 

आता तरी म्हणावं ना, पप्पा, तुम्ही सांगा? न्हाई. बाईनं घटकाभर विचार केला आन म्हणली, रास्ता फिर से ढूँढा जा रहा है. जावई खूश. बघा पप्पा, ती स्वतःची चूक सुधारते. मी मनात म्हणलं, तिच्याकडून तेवढं तरी शीक. पण तोंडातून? जावई हाय, बोलता येत न्हाई.

बाईनं आम्हाला कालव्याच्या भरावावर घातलं. एका अंगाला पाणी, एका अंगाला उतार, मधी गाडीपुरती जागा. चाललो, चाललो, आन बाई एकदम आनंदानं म्हणली, आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं. बाहीर बघतो तर पिंपरथडी दिसून राह्यलंय. बराबर दिसून राह्यलंय, मारुतीचा कळस, पाण्याची टाकी, मांडवाचं रंगीत कापड. पण कालव्याच्या त्या अंगाला. मधी पूल न्हाई, कधी नव्हताच. आन त्या अंगाच्या रस्त्यावरून दहाची एसटी चालली, माझ्याच डेपोची गाडी, धुरळा उडवत, टायमात. तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. साठीच्या माणसाला, मागच्या सीटवर, कॅनच्या आडोशाला.

भरावावर गाडी वळत न्हाई, दीड किलोमीटर रिव्हर्स. मी म्हणलं, जावईबापू, मी घेऊ का? तर म्हणतो, पावर स्टिअरिंग आहे पप्पा, तुम्हाला जमणार नाही. पन्नास माणसं भरलेली एसटी मी राजूरच्या चतुर्थीच्या गर्दीत रिव्हर्स घेतलीय, कुणाच्या चपलेला धक्का न्हाई. आन मला जमणार न्हाई! त्याला तीन तास लागले. दोनदा चाक उतारावर गेलं. दोनदा आम्ही तिघांनी उतरून ढकललं. इस्त्रीचा सदरा गेला, धोतर गेलं. मोबाईल एकट्या जावयाजवळ, तिथं रेंज न्हाई. मंग ऊन झालं आन तो डब्बा तापून बंद पडला. बाई गेली. गाडीत काय शांतता हो! जावयानं घाम पुसला आन हळूच म्हणला, "पप्पा, तुम्हाला रस्ता माहीतंय का?"

मी म्हणलं, थोडा थोडा.

पस्तीस मिनिटांत नेलं मी त्याला, हिकडं घ्या, तिकडं घ्या करून. फाट्यावर पोचलो तर दीड वाजलेला. आन मांडवात सगळं गाव बसलेलं, पण कुणी बोलंना. हलगीवाला हलगी पालथी घालून बसलाय. टेबलावर माझा फोटो. फोटोला हार. पुढं उदबत्ती. मी म्हणलं, सत्काराची ही काय पद्धत? तेवढ्यात निवाऱ्याकडं बघितलं. शिडीवर पेंटर, हातात कुंचला, आन भिंतीवर ताज्या निळ्या रंगात… 'कै. धर्मराजमामा प्रवासी निवारा.'

झालं काय होतं, जावयाच्या पांढऱ्या गाडीतून येतो म्हणून मी कळवलं होतं, आन अंबडच्या रस्त्याला एक पांढरी गाडी उलटली म्हणून जीपवाल्यानं सांगितलं. आता दुसऱ्या कुणासाठी लोकं फोन करतील, चौकशी करतील. माझ्यासाठी केली न्हाई. बद्रीनाथ माईकवर म्हणला म्हणे, "एकोणीस वर्षांत मामा लेट झाले न्हाईत. आज झाले, म्हंजी मामा न्हाईत." गावाला लगेच पटलं. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली झाली. भाषणं झाली. एक मास्तर म्हणला म्हणे, मामा कधी रस्ता विचारत नव्हते, रस्ताच मामाला विचारायचा. काय भाषण! आन मी कालव्यावर गाडी ढकलून राह्यल्तो.

मी मांडवात शिरलो तर पुढंच बसलेली म्हातारी साळूबाई चक्कर येऊन पडली. मंग सगळे उठले, हात लावून बघितलं, कुणी पाया पडलं. बद्रीनाथनं मला मिठी मारली, रडला बी. आन मंग सगळ्यांसमोर इच्चारलं, "पण मामा, तुम्ही आन लेट? झालं काय?"

जावई बुटाकडं बघून राह्यला. प्रभा माझ्याकडं बघून राह्यली, डोळे भरलेले. गोजरबाईनं चिमटा बी काढला न्हाई, निस्तं माझ्या दंडावर हात ठेवला. आन तुम्हाला सांगतो, तो चिमट्यापेक्षा जास्ती लागला.

मी म्हणलं, "मी रस्ता चुकलो. जावईबापू बराबर सांगून राह्यल्ते, मीच ऐकलं न्हाई."

बद्रीनाथचे हात माझ्या खांद्यावरून हळूच खाली आले. मागून कुणीतरी म्हणलं, वय झालं आता मामाचं. शिडीवरून पेंटरनं इच्चारलं, "सरपंच, आता 'कै.' तेवढं खोडू का?" बद्रीनाथनं माझ्याकडं बघितलं, मंग भिंतीकडं. म्हणला, "सगळंच पूस. जित्या माणसाचं नाव देत न्हाईत. आन तसं बी…" पुढं काय ते बोलला न्हाई. भला माणूस हाय.

जेवायला घातलं चांगलं, तक्रार न्हाई. नारळ बी माझ्याच हातानं फोडला. पण जेवढा वेळ मी मेलेलो होतो ना, तेवढाच वेळ माझं नाव त्या निवाऱ्यावर होतं. जिता गेलो आन पुसून आलो. परवा एसटीनं गेल्तो तिकडून, खिडकीतून बघितलं. रंग वाया जाऊ नये म्हणून त्याच जागी, त्याच निळ्या अक्षरात लिवलंय… 'येथे थुंकू नये.'