पन्नास सह्या

...नाही, मी म्हणते, बावीस वर्षं बायकांच्या पोटावर, घोट्यावर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचतेय, तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता म्हणे प्रमाणपत्र आणा! मूल व्हावं म्हणून सुया टोचायच्या तर वेगळी परीक्षा, नाहीतर दवाखान्याची पाटी खाली! पोटावरच पाय की हो. मी म्हटलं, बरं.

लेखी दिली. वाटलं, सुटले. कसली सुटतेय! परीक्षा घेणाऱ्या संस्थेतले कारकून चष्मा नाकावर ओढून म्हणतात, "बाई, पन्नास जुन्या पेशंटची नोंदवही लागेल. उपचार, निकाल, पेशंटची सही." निकालाला रकाने दोनच, मूल झालं, नाही झालं. मी म्हटलं, बरं.

आता तुम्हाला सांगते, ज्यांना झालं ना, त्या फोनच उचलत नाहीत! एकीने उचलला तर कुजबुजत, "ताई, सासूबाई शेजारी आहेत, त्यांना सुयांचं काही माहीत नाही..." ठेवला. दुसरी म्हणते, "आमचं आपोआप झालं हो!" सात महिने दर मंगळवारी येत होती, आणि आपोआप! ज्यांना नाही झालं, त्यांना फोन मी शेवटी केले. वाटलं, शिव्या घालतील. त्या आल्या. सगळ्या, वेळेवर, स्वतःचं पेन घेऊन. एक तर त्याच खाटेवर बसून राहिली. म्हणाली, "इथे पाय गरम व्हायचे माझे." बरं म्हटलं.

एकोणपन्नास झाल्या, मुदत उद्याची. मग आठवलं, एक पेशंट घरातच आहे की! नऊ वर्षं, एक दिवस खाडा नाही. सुया माझ्या, पोटही माझंच. पेशंटच्या जागी माहेरचं नाव घातलं, निकालात खूण केली, सही ठोकली. खोटं एक अक्षर नाही हो त्यात... तेच तर वाईट.

तोंडी परीक्षेला तिघं. मधले डॉक्टर पानं उलटत नेमके शेवटच्या पानावर थांबले. म्हटलं, पकडलं, गेली पाटी! तर म्हणतात, "या बाईंचे उपचार व्यवस्थित चालले होते. मग थांबवलेत का?"

म्हटलं, "पेशंटचं वय झालं."

तेवढ्या एका उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले मला.