सतरा नंबरचा डबा

नवं का जुनं? एवढंच तर विचारत होतो हो मी! बाजारात ज्वारी घेताना माणूस विचारतो, नवी का जुनी, आणि दुकानदार गुमान सांगतो. मी तर माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या पोटात जाणाऱ्या गोळीबद्दल विचारत होतो! डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही." घ्या! नर्सबाई म्हणाल्या, "मला कसं ठाऊक असणार?" पट्टेवाला म्हणाला, "डॉक्टरला इचार की." म्हणजे पुन्हा डॉक्टर!

तुम्हाला सांगतो, सुरुवात मीच केली. अण्णा मिलमध्ये, साचेखात्यात, मागावर. दुष्काळ सरला त्या वर्षी त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. छातीचा फोटो काढला, टीबी! आणि मी चौथी नापास, आयुष्यात कधी काही वाचलं नाही, तो वाचतो काय, तर मिलच्या गेटवरचा कागद... टीबीवरच्या नव्या औषधाचा अभ्यास, आधी औषध न घेतलेल्या रोग्यांनी दवाखान्यात भेटावं. नवं औषध! मी कागदच फाडून घरी आणला. अण्णा म्हणाला, "मल्ल्या, येडा का खुळा तू? बाकीच्या रोग्यांनी कुटं वाचायचं?" पळत गेलो, मिलमधलीच खळ घेतली, कागद परत चिकटवला. तो उलटा! दोन दिवस अख्खी मिल मान वाकडी करून वाचत होती. वर बोट खळीनं चिकटलं ते वेगळंच. अण्णा म्हणाला, "तुला एक काम सांगावं, तर तू दोन करून येतोस, अन् दोन्ही बिघडवून."

तर गेलो दवाखान्यात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं... निम्म्या रोग्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं, दोन्ही औषधंच, गोळ्या दिसायला अगदी सारख्या, आणि कुणाला कुठलं ते कुणालाच सांगायचं नाही. मी म्हटलं, "पण तुम्हाला तर ठाऊक असंल?" तर म्हणाले, "नाही. ठाऊक असलं तर नव्या औषधवाला आम्हाला उगाच जास्त बरा दिसायला लागेल." मग ठाऊक कुणाला? पाकिटाला! कुणाला कुठलं, त्याची यादी आत बंद. आणि पाकीट कुटं? पुण्याला, कपाटात, कुलपात! आता बोला!

अण्णाला मात्र पटलं. त्यानं सही ठोकली. नंबर सतरा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणी आणि सतरा लिहिलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा.

शेजारी बाकावर अठरा नंबर. गुरप्पा, अक्कलकोटकडचा पोरगा, आणि त्याची आई गौरम्मा. महिन्याभरात गुरप्पा असा फुगला, की शर्टाची बटणं लागेनात! अण्णा आपला वाळतोय. मी त्यांच्या डब्याकडं बघतोय... आणि गौरम्मा आमच्या डब्याकडं! कारण अण्णाचा ताप उतरला होता आणि गुरप्पाचा नव्हता. मला म्हणते कशी, "निम्दु होसदु री! तुमचं नवं हाय, आमच्या पोराला हळेदु दिलंय, जुनं!" मी म्हटलं, "छट्! नवं तर तुमचं!" भांडलो की आम्ही! आमचंच वाईट म्हणून भांडलो! पट्टेवाल्यानं दोघांना बाहेर काढलं.

आणि बाहेर, लिंबाखाली, गौरम्मा एकदम शांत झाली. म्हणाली, "घरात नवी ज्वारी, जुनी ज्वारी असली की आपण काय करतो? मिसळून दळतो. सगळ्यांच्या भाकरीला सारखी."

तुम्हाला सांगतो, इतकी शहाणी बाई मी बघितली नाही! शेजारच्या फुलवालीचं सूप मागून आणलं, दोन्ही डबे त्यात रिकामे, गौरम्मानं ते असं झकास हलवलं, खडेसुद्धा निवडणार होती! मग एक मूठ सतराला, एक मूठ अठराला. पुढचे तीन महिने असंच. अण्णाला पत्ता नाही, डॉक्टरला नाही... ते बरोबरच, कुणाला सांगायचंच नव्हतं ना!

पाचव्या महिन्यात अण्णाला उठवेना. त्याला जरा हसवावं म्हणून मी सुपाची गोष्ट सांगितली. हसला हो! उशीत तोंड घालून, खोकत खोकत हसला. आणि मग माझं मनगट धरलं.

"मल्ल्या, मी गेलो तर सतरा नंबरच्या औषधानं मेला म्हणून लिहितील. गुरप्पा बरा झाला तर अठराचं चांगलं म्हणतील. अन् समदं खोटं. उद्या साचेखात्यातल्या दुसऱ्या पोराला कुठलं देतील? जा, डॉक्टरला सांग. माझा नंबर खोडायला लाव."

मी म्हटलं, "उद्या जातो." दुसऱ्या दिवशीही तेच. नंबर खोडायचा म्हणजे... नको वाटत होतं हो. गेल्या गुरुवारी अण्णा गेला. आमच्या रीतीनं बसवून माती दिली, कपाळाला विभूती मीच लावली. सगळ्या नाकावर सांडली. असता तर ओरडला असता.

आणि परवाचा सोमवार तपासणीचा. डबा घेऊन गेलो. सगळं सांगितलं, सुपासकट. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"कुणाच्या डब्यात मिसळलंस?"

बाहेर बाकावर गुरप्पा केळं खात होता. मी विचारलं, "त्याचं औषध बंद करणार?"

"नाही रे. औषध पुरतं मिळेल. फक्त अभ्यासातून नाव जाईल."

तेव्हा म्हटलं, अठरा.

लाल पेन्सिल फिरली. मी म्हटलं, "साहेब, आता तरी पुण्याचं पाकीट उघडा. नवं का जुनं?"

म्हणाले, "उघडून काय कळणार, मल्लप्पा? दोघांच्या पोटात दोन्ही."

म्हणजे उत्तर होतं हो, पुण्याला, कुलपात! ते मीच सुपात घालून हलवलं!

आणि अण्णानं शेवटचं एक काम सांगितलं होतं, एक नंबर खोडून ये. मी दोन खोडून आलो.