बटणांची शिडी

(शिवणाच्या मशीनशेजारी टेबल. त्यावर मापाच्या दोन जुन्या टेपा आणि बटणांचा डबा.)

आई : लाल बटणासमोर पिवळंच का? निळं शोभून दिसलं असतं.

लेक : शोभेचं काही नाही गं. लाल म्हणजे ए, पिवळं म्हणजे टी. एच्या समोर टीच. हिरव्यासमोर निळं, म्हणजे जी आणि सी. जोड्या ठरलेल्या आहेत.

आई : आमच्या वेळच्या लग्नांसारख्या. कोणी विचारायला येत नाही.

लेक : या टेपा म्हणजे शिडीच्या दोन बाजू, साखर आणि फॉस्फेटच्या. बटणं म्हणजे पायऱ्या. सगळं शिवून झालं की पिळायचं. झाला डीएनए. उद्या वर्गात उभं राहून सांगायचंय.

आई : वर्गाचं उद्या. आधी मला सांग. ही शिडी करते काय?

लेक : तिच्यात लिहिलेलं असतं. बटणांचा क्रम हाच मजकूर. पेशी हव्या त्या तुकड्याची नक्कल उतरवते आणि त्याबरहुकूम प्रथिन बनवते. तू वहीतलं माप कागदावर उतरवून कापड बेततेस ना, तसं.

आई : आणि वहीतलं पानच फाटलेलं असलं तर?

लेक : मग ते प्रथिन बनत नाही.

आई : आपल्या धाकट्याचं बनत नाही, तसं.

लेक : हो. स्नायू धरून ठेवणारं. म्हणून तो जिन्यात पडतो.

आई : सात वर्षांचं पोर. मी त्याला आळशी म्हटलं. दोनदा हातही उगारला.

लेक : तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, आई.

आई : उसवून नव्याने नाही का शिवता येत? मी जन्मभर दुसरं केलंय काय?

लेक : एकाच जागी असतं तर! पेशीपेशीत हीच शिडी असते. एका पेशीच्या दोन होताना ती मधून उघडते आणि प्रत्येक बाजू आपली जोडी नव्याने जमवते. जे गळलंय, ते गळलेलंच पुढे उतरतं.

आई : पण पहिल्यांदा कुठे गळलं?

लेक : कुठेही गळू शकतं. आपोआप. पुस्तकात दिलंय.

आई : एवढंच दिलंय?

लेक : हं.

आई : मग दवाखान्यात तपासायला रक्त माझंच का घेतलं? तुझे बाबा शेजारी बाही वर करून बसले होते. त्यांना म्हणाले, तुमची गरज नाही.

लेक : ती पिवळी बटणं दे ना.

आई : माझ्याकडे बघून सांग.

लेक : तो तुकडा एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. तुझ्याकडे दोन आहेत, त्यातला एक धड, म्हणून तू सुटलीस. त्याच्याकडे एकच आहे. पण तू काय निवडून दिलास का त्याला?

आई : नाही गं. मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगून आठ दिवस झाले. वाटलं, तू शिकतेयस, तुझ्या पुस्तकात काही वेगळं असेल.

लेक : नाहीये.

आई : आणखी एक म्हणाले होते ते. आठ दिवस माझी जीभ रेटत नाही.

लेक : माझंही रक्त कधीतरी तपासायचंय.

आई : तुला कोणी सांगितलं?

लेक : कोणी नाही. मुलीलाही एक एक्स आईचाच असतो. धड्याखाली तिसरा प्रश्न आहे, शक्यता किती ते काढा.

आई : किती आली?

लेक : निम्मी. आई, टेपांचं ते टोक धर. मला एकटीला पिळता येत नाहीये.