तिच्या तोंडी माझं नाव

सन सत्त्याहत्तर. मी तवा एकोणीस वर्षांचा, सातवी नापास, आणि कुरुळीतनं सायकल हाणत पिंपरीच्या कंपनीत प्रेस शॉपला लागलो. आता आमच्या गावाच्या चहूबाजूंनी कंपन्या झाल्यात, तवा गावाभवती नुसती ज्वारी व्हती न् कंपनी म्हणलं की पिंपरीच. प्रेस शॉप म्हणजे काय सांगू तुम्हाला, पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आदळायची, धाड धाड धाड, आख्खी शिफ्ट, शेजारच्याशी बोलायचं तर हातानं. अंगठा तोंडाला लावला की चहा, कॉलर धरली की साहेब आला. कानात घालायला बोळे द्यायचे कंपनीवाले, पण बोळे घातले तर पोरं हसायची, म्हणायची बाईमाणूस हायस का, मग कोण घालतंय. पुढं माझा हात बघून मला मेंटेनन्सला घेतलं. बेअरिंग खराब झालं का कसं वळखायचं, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं न् मूठ कानामागच्या हाडाला. सगळं कळतं. रिटायर होईस्तवर मी मशिनी अशाच ऐकल्या.

तर सांगत काय व्हतो, लगीन. दत्ताची आई मावळातली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात बायांनी घेरून उखाणा घ्यायला लावला, ती पदरात कायतरी पुटपुटली, बाहेर बँड चाललेला, मला काय ऐकू आलं न्हाई. त्यानंतर अहो, न्हाईतर ऐकलं का, दत्ता झाल्यावर दत्ताचे वडील. दारात कुणी येऊन इचारलं घर कुणाचं, तर ती पोराला पुढं करायची, सांग रे नाव. मीबी तिला कधी नावानं हाक मारली न्हाई, आत्तासुद्धा दत्ताची आईच म्हणतोय बघा.

दत्ता कॉलेजात असताना त्यानं कुठनंतरी जुना कॉम्प्युटर आणला, पांढरा डबा, टीव्हीएवढा मोठा त्याचा पडदा, दोन स्पीकर. मी सेकंड शिफ्टला गेलेलो आणि ह्यानं आईपुढं माइक धरला, म्हणला आई, आज आप्पा न्हाईत, घे की नाव. न् तिनं घेतलं. दत्ता सांगतो, उखाण्यात न्हाई, नुसतं, अंगणातल्या पोराला हाक मारावी तसं. दुसऱ्या दिशी दत्ता मला ऐकवायला लागला तर ती लाटणं घेऊन आली, म्हणली लावलंस तर बघ. मीबी म्हणलं ऱ्हाऊ दे, काय ऐकायचंय, माणूस घरातच हाय की.

मग ती आजारी पडली न् गेली. तवा आमच्याकडं बटनाचा मोबाइल, तिच्या आवाजाचं दुसरं काय ऱ्हायलं न्हाई. कॉम्प्युटर माळ्यावर गेला. मी कधी त्याचं नाव काढलं न्हाई, पण माळ्याकडं बघितल्याबिगर माझा डोळा लागत न्हवता.

औंदा दत्ता म्हणला आप्पा, डबा भंगारात देऊ, आतली डिस्क काढून आईचा आवाज मी तुमच्या मोबाइलवर घेतलाय. ऐकला मी. नुसतं गुळगुळ. म्हणलं ही तुझी आई न्हवं, मोबाइलनं तिचा आवाज खाल्लाय, त्याच डब्यातनं ऐकायचंय मला, बसव ती डिस्क परत. सून, रेखा, म्हणली मी सांगते ना आप्पा त्या काय म्हणल्यात. तिला म्हणलं खबरदार सांगशील तर. जलमभर दुसऱ्याच्याच तोंडनं ऐकलंय ते नाव.

डबा खाली काढला, दत्तानं डिस्क परत बसवली. चालू झाला पण आवाजाचे हाल. आदी घरघर, मंग तापला की खरखर, मंग आवाज गुल. माझ्याबरोबर कंपनीत मारुती इलेक्ट्रिशियन व्हता, आता पिंपरीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. तो म्हणला सदा, सगळ्याला हात लावू नको, एकेक बदल, बाकीचं तसंच ठेव, ज्यानं फरक पडंल तो आजारी. मी स्पीकर काढून मोबाइलला लावले, घरघर तिथंबी, म्हणजे रोग स्पीकरच्याच पोटात. खोलला तर मोठा कंडेन्सर पुरीवानी फुगलेला. मारुतीनं दुसरा दिला, अधिक-उणं बघून बसवला, घरघर गेली. खरखर मात्र डब्यातल्या आवाजाच्या कार्डात व्हती. दत्तानं गाणं लावून ठेवलं, मी बांबूची सुकी काडी घेऊन कार्डावर एकेक जागा हळू दाबत गेलो न् दुसरं बोट स्पीकरच्या आत आवाजाबरोबर थरथरणाऱ्या कागदावर ठेवलं. जिथं वायर खुपसतात तिथं दाबलं की बोटाखालचा कागद गप व्हायचा. टाका सुटलेला. नव्यानं सोल्डर मारलं. रेखा म्हणली आप्पा, आता जेवता का त्यालाच चावता?

मंग संध्याकाळी दत्ता कामावनं आला, त्याला म्हणलं लाव आता. मी इस्त्रीचा सदरा घातला व्हता, का ते इचारू नका. त्यानं लावलं. आवाज आला, तिचाच, ती चढण तिचीच, पण पाण्याखालनं कुणी बोलावं तसा. शब्द न्हाई. म्हणलं परत. परत तेच. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक स्पीकरला, मूठ हाडाला. मोठं झालं, पण अक्षर काय सुटंना. शेवटाला ती हसली तेवढं हाडातनं कळलं. म्हणलं कार्ड बदल. दत्ता म्हणला आप्पा, घरघर न्हाई, खरखर न्हाई, आई समोर उभी ऱ्हाऊन बोलती असं वाटतंय, आता बदलायचं ऱ्हायलंय काय? मी रेखाकडं बघितलं, तर ती पदरानं डोळं पुसत व्हती. तिला ऐकू आलेलं. दोघांलाबी आलेलं.

एकेक बदलत आलो व्हतो मी, ऱ्हायलं काय ते माझं मला कळलं. कानाचं मशीन घ्या म्हणून रेखा किती वर्सं मागं लागलीय, न् मी म्हणायचो ते म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काम, मला बेअरिंग ऐकू येतंय.  पोरांनी ‘तरी सांगत व्हतो’ असं काय सुनावलं न्हाई, देव त्यांचं भलं करो.

दुसऱ्या दिशी सकाळी, रेखा उठायच्या आत, तोच सदरा घातला न् निगडीला कानाच्या दवाखान्यात गेलो. शटर खाली व्हतं, पायरीवर बसलो. डाक्टरीणबाई आल्या, तरणी पोर, मला आत घेतलं, माझ्या तोंडाजवळ वाकून मोठ्यांदा इचारलं, बाबा, नेमकं काय ऐकू येत न्हाई तुम्हाला?

म्हणलं, माझं नाव.