बोटं गेली दोन

मावशी : परत सांग. न्यायाधीश बोलले तसंच सांग.

भोंगा : "गाण्यात बोटांचा आकडा चुकला, पण बोटं गेली हे खरं आहे. यात लाँड्रीच्या मालकाची बदनामी होत नाही." एवढं बोलून मला सोडलं. थेट इकडेच आलो.

मावशी : मग तोंड पाडून का बसलायस? सरक जरा, चादरी ठेवू दे. बोल तू, मी इस्त्री करता करता ऐकते. कान रिकामेच आहेत.

भोंगा : तू साक्ष दिली नसतीस तर आज आत असतो मी. वकीलबाई पण तेच म्हणाल्या. तुझी सून अजून त्याच लाँड्रीत कामाला, तरी आलीस.

मावशी : तिनंच रिक्षा आणली. म्हणाली, "आई, तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन."

भोंगा : आणि मी काय करून ठेवलं होतं? तुझी गेली दोन बोटं, मी रॅपमध्ये तीन म्हटली. का, तर 'मशीन'ला जुळतं म्हणून. लाखो लोकांनी तेच ऐकलं.

मावशी : मालकाच्या वकिलानं तेच धरलं ना. "बाई, हात वर करा, मोजू द्या."

भोंगा : धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मावशी : मी केला की वर. म्हटलं, मोजा साहेब, दोनच गेलीत. पोरानं एक वाढवलं, तुमच्या मालकानं दोन्ही लपवली.

भोंगा : न्यायाधीशांनी ते तसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

मावशी : घरून ठरवून नव्हते गेले हं. निघालं तोंडातून. तुझी संगत, दुसरं काय.

भोंगा : मावशी, मी गाणं सोडतोय.

मावशी : काय?

भोंगा : केस लागल्यापासून कुणी बोलवत नव्हतं. आता शनिवारचा एक कार्यक्रम आलाय, त्यांना नाही म्हणून कळवतो. मित्राच्या टेम्पोवर काम आहे. माझ्या एका शब्दापायी तुला तिथे उभं राहून हात दाखवावा लागला. पुरे झालं.

मावशी : भोंग्या, हे नाव कुणी ठेवलं तुला?

भोंगा : तूच. मी पाळण्यात रडलो की लाँड्रीचा भोंगा झाला समजून बायका डबे उचलायच्या. प्रत्येक मुलाखतीत सांगतो मी.

मावशी : मग हे पण ऐक. तुझी आई लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर माझ्या शेजारी असायची. चादरीबरोबर माझा हात आत ओढला गेला, तेव्हा तिनंच धावत जाऊन मशीन बंद केलं. नाहीतर आख्खा हात गेला असता. मालक म्हणाला, बाईचं लक्ष नव्हतं. तुझी आई होती तोवर ती नाही म्हणायची; ती गेल्यावर मीही मालकाचंच म्हणत राहिले. सुनेलाही तेच सांगितलं. मग एकदा तिनं मोबाईल कानाशी धरला माझ्या. "आई, हे तुमचं गाणं आहे."

भोंगा : रागावली असशील.

मावशी : रडले. रोलरला हात अडवायची जाळी नव्हती, म्हणालास ना त्यात? तेव्हा उमगलं, माझं काही चुकलं नव्हतं. तुझी आई गेल्यापासून कुणी म्हटलंच नव्हतं रे. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

भोंगा : तू माझे उपकार मानतेस?

मावशी : मग कुणाचे मानू? आणि माझी साक्ष झाल्यावर रोलरला जाळी बसली. सगळ्या रोलरना. सून काल सांगत होती, पिवळी आहे, चांगली भक्कम. ती आता रोज जाळीमागे उभी राहते.

भोंगा : हे मला कुणी सांगितलंच नाही.

मावशी : आता सांगितलं ना. टेम्पो काय, कधीही चालव. शनिवारी मला पुढची खुर्ची पाहिजे.

भोंगा : तसं... नवीन ओळ जुळलीये. निकालाची वाट बघत बाकावर बसलो होतो, तेव्हा.

मावशी : गाणं सोडणारा माणूस कोर्टाच्या बाकावर ओळी जुळवतो होय? म्हण.

भोंगा : "बोटं गेली दोन, पुसायला आलं कोण? जाळी नाही रोलरला, मालक धरतो मौन."

मावशी : तीनवाली जास्त जोरात होती.

भोंगा : मावशी...

मावशी : चेष्टा केली रे. हीच म्हण. थांब, इस्त्री बंद करते. हं, आता पहिल्यापासून.